वांग्याची भावकी



परवा विहिरीवरच्या बांधावर कामोणी उपटत होतो. शेजारचा पोरगा मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काका, तिनं काय घोडं मारलंय तुमचं? पीक सोडून बांध खुरपताय." त्याला उत्तर द्यायला लागलो आणि अर्धा तास गेला. पोरगं कंटाळून निघून गेलं, पण माझ्या मनातलं काही संपलं नाही. म्हणून आज इथं लिहितोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

गोष्ट २०२३ सालच्या उन्हाळी टोमॅटोची आहे. त्या वर्षी जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं, ते कुणीच विसरलेलं नाही. आमच्या भागात कित्येकांनी त्या दोन महिन्यांत कर्ज फेडली, घरं बांधली. माझा पण तीस गुंठे टोमॅटो होता, विहिरीवरच्या तुकड्यात. एप्रिलच्या मध्याला लावलेला. रोपं साडेचार हजार. मल्चिंग, ठिबक, बांबू, तार, सुतळी, मजुरी, सगळं धरून सव्वा लाख घातले होते आणि त्यातले सत्तर हजार सोसायटीचे. जूनच्या सुरुवातीला झाडं कमरेच्या वर गेली, पहिल्या फळाला रंग चढायला आठ-दहा दिवस होते.

मग वळवाचा एक दणका बसला. शेतात पाणी तुंबलं. मी खालच्या अंगाचा बांध फोडून पाणी काढून दिलं. हे बांध फोडणं लक्षात ठेवा, पुढं येतंय.

तीन-चार दिवसांनी दुपारी बघतो तर चार-पाच झाडं माना टाकून. संध्याकाळी पुन्हा उभी. म्हटलं ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी वीस झाडं. तिसऱ्या दिवशी पहिली चार-पाच उठलीच नाहीत. पानं मात्र हिरवीगार. पिवळं पान नाही, डाग नाही, करपा नाही. उकळत्या पाण्यात बुडवून काढलेल्या भाजीसारखं झाड दिसायचं. मी पाणी वाढवलं. दुकानात गेलो, त्यांनी मर रोग म्हणून बुरशीनाशकाची आळवणी दिली. एक झाली, दुसरी झाली, नऊ हजार गेले. बाराव्या दिवशी निम्मा प्लॉट झोपला होता.

ओळखीतून विज्ञान केंद्रातल्या एका मॅडम आल्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या. आल्या आल्या त्यांनी काही औषध सांगितलं नाही. म्हणाल्या, "काका, काचेचा ग्लास आणि स्वच्छ पाणी आणा." नुकतंच मरगळलेलं एक झाड उपटलं, बुडख्याकडचं वीतभर खोड धारदार ब्लेडनं कापलं, आणि कापलेलं टोक पाण्यात टेकवून हात न हलवता धरलं. आम्ही सगळे उकिडवे बसून बघतोय. दोन-तीन मिनिटांत त्या टोकातून उदबत्तीच्या धुरासारखी पांढरट दोरी खाली पाण्यात उतरायला लागली. "हे जिवाणू," त्या म्हणाल्या. "बुरशी नाही. बुरशीच्या मरीत झाड खालच्या पानापासून पिवळं पडत सावकाश जातं आणि असा धूर निघत नाही. हे हिरवं असतानाच जातं. तुमच्या आळवणीचा याला काहीच उपयोग नव्हता."

ज्यांना माहीत नसेल त्यांनी ही ग्लासाची परीक्षा शिकून घ्या. खर्च शून्य आहे. औषधाच्या दुकानात जायच्या आधी करायची.

मग त्यांनी विचारलं, या तुकड्यात आधी काय होतं? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी पीक फेरपालट करणारा माणूस आहे. आमचे तात्या सांगायचे, वांग्यावर वांगं लावू नये, आणि मी ते कधी मोडलं नाही. २०२० च्या खरिपात बटाटा. २०२१ ला वांगी. २०२२ ला मिरची. मधे एकदा मेथी-कोथिंबीर. आणि आता टोमॅटो. दर वर्षी वेगळं पीक.

मॅडम काही बोलल्या नाहीत. उठल्या, आणि शेतात फिरून फुलं तोडायला लागल्या. मला वाटलं या बाईला काय सुचलंय. घरच्या भाजीसाठी बांधाला लावलेल्या वांग्याचं एक फूल, मोटारीच्या खोलीजवळच्या मिरचीचं एक, टोमॅटोचं एक, बांधावरच्या कामोणीचं एक. उकिरड्यावरून धोतऱ्याचं पण एक आणलं. उलट्या क्रेटवर पाची फुलं ओळीनं ठेवली आणि म्हणाल्या, "मोजा."

मोजलं. बाहेरचा हिरवा कप, म्हणजे निदलपुंज, पाच टोकांचा. आतल्या पाकळ्या पाच, पण सुट्या नाहीत, बुडाशी एकमेकींना जोडलेल्या. पाकळी ओढली की सगळं फूल एकत्र निघून येतं. पुंकेसर पाच, आणि ते पाकळ्यांच्याच आतल्या अंगाला चिकटलेले. मधोमध एक स्त्रीकेसर, आणि ज्याचं पुढं फळ होतं तो अंडाशय फुलाच्या आत, पाकळ्यांच्या वरच्या बाजूला. काकडी-भोपळ्यासारखा फुलाच्या खाली नाही. वांग्याचं जांभळं, टोमॅटोचं पिवळं, मिरचीचं पांढरं, कामोणीचं तांदळाएवढं, धोतऱ्याचं वीतभर कर्ण्यासारखं, पण हिशेब सगळ्यांचा एकच.

"काका, तुम्ही पीक बदललंत, कुळ नाही बदललं," त्या म्हणाल्या. "चार वर्षं एकाच भावकीला जेवायला घातलंत, आणि तिच्या दुखण्याला पण."

आमची कारभारीण मागं उभी होती. ती म्हणाली, "अहो, मी मागं म्हटलं होतं ना, वांग्याचं आणि बटाट्याचं फूल सारखंच दिसतंय." खरंच म्हणाली होती. बटाट्याच्या खुरपणीच्या वेळी. मी तेव्हा हसलो होतो.

आता या कुळाबद्दल. नंतर मी मॅडमना फोन करून करून बरंच विचारलं, पुस्तकं पण आणली. दहावीपर्यंत शिकलेला माणूस, जीवशास्त्रातलं जास्वंदीचं फूल सोडून काही आठवत नव्हतं. तरी सांगतो, कारण फुलावरून कुळ ओळखणं वाटतं तेवढं अवघड नाही. सातबाऱ्यावर लागतं ते कुळ वेगळं, हे वनस्पतीचं. इंग्रजीत याचं नाव सोलॅनेसी. मराठी पुस्तकांत कुठं धोतरा कुल म्हणतात, कुठं वांगी कुळ. जगात याच्या सुमारे १०० प्रजाती आणि अडीच हजारांहून जास्त जाती आहेत, त्यातल्या निम्म्याच्या आसपास एकट्या सोलॅनम या प्रजातीत. वांगं सोलॅनम, बटाटा सोलॅनम, कामोणी सोलॅनम, रानातली काटेरिंगणी सोलॅनम. टोमॅटोची तर गंमत आहे. लिनियसनं १७५३ साली त्याला सोलॅनममध्येच बसवला होता. मग मिलर नावाच्या इंग्रज माळ्यानं त्याला वेगळं काढून लायकोपर्सिकॉन नाव दिलं, आणि दोनशे वर्षं पुस्तकांत तेच चाललं. १९९० नंतर डीएनए तपासले तेव्हा कळलं की तो बटाट्याचा अगदी जवळचा आहे, वेगळा काढायची गरज नव्हती. परत सोलॅनम झाला. मिरची मात्र कॅप्सिकम, वेगळं घर. ढोबळी मिरची आणि आपली नेहमीची तिखट मिरची एकाच जातीच्या. तंबाखू, अश्वगंधा, चिरबोटी, बागेतलं पिटुनिया, रातराणी, ही सगळी याच कुळातली.

काळी मिरी यात नाही, नावाला फसू नका. रताळं पण नाही. ते शेजारच्या कुळातलं, म्हणजे सोयरं म्हणा हवं तर.

फळावरून पण ओळखता येतं. वांगी, टोमॅटो, मिरची, कामोणी यांचं फळ मांसल, आत पुष्कळ चपट्या बिया. धोतरा आणि तंबाखूचं मात्र सुकून फुटणारं बोंड. बारीक गावठी टोमॅटो आडवा कापला तर आत दोन कप्पे दिसतात, ते या कुळाचं मूळ रूप. बाजारातल्या मोठ्या टोमॅटोत चार-पाच दिसतात ती माणसानं निवड करून वाढवलेली. आणि मला सगळ्यात आवडलेली खूण म्हणजे तो हिरवा कप. बहुतेक ठिकाणी तो गळत नाही, फळाबरोबर राहतो. वांग्याच्या डोक्यावरची काटेरी टोपी म्हणजे तोच फुलातला कप, फळाबरोबर वाढलेला. चिरबोटीत तो इतका वाढतो की फळ आत फुग्यात बसल्यासारखं दिसतं. धोतऱ्यात वरचा भाग गळतो आणि बोंडाखाली नुसती एक चकती उरते. इतकी वर्षं वांगी तोडली, देठाला काटे टोचले म्हणून शिव्या घातल्या, पण ती टोपी म्हणजे काय हे कधी विचारलं नव्हतं.

फुलाचा आणखी एक उपयोगी भाग सांगतो. वांग्याचा आणि बटाट्याचा पराग पिशवीच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातून बाहेर पडतो, मिठाच्या डबीसारखा. टोमॅटोत पाची पिशव्या जुळून सुळका होतो आणि पराग आतल्या आत झडतो. फूल हललं पाहिजे, तरच काम होतं. आपल्याकडचा मोठा काळा भुंगा वांग्याच्या फुलाला लोंबकळून गुणगुणतो तो उगाच नाही, तो फूल थरथरवून पराग काढतो. मधमाशीला ते जमत नाही. शेडनेटमध्ये टोमॅटो करणारे सकाळी तारा हलवतात त्याचं कारण हेच. मिरचीची पराग-पिशवी उभी चिरते, तिला एवढा खटाटोप लागत नाही.

या कुळात विष पण आहे. तंबाखूतलं निकोटीन, धोतऱ्यातलं अॅट्रोपीन, हिरव्या पडलेल्या बटाट्यातलं सोलॅनिन. पुढं ऑगस्टात सातगाव पठारावर पाहुण्यांकडं गेलो तेव्हा मुद्दाम बटाट्याच्या शेतात गेलो. फुलं बघितली, आणि एका झाडाला बारीक हिरवी फळं लागलेली दाखवली त्यांनी, हुबेहूब कच्च्या चेरी टोमॅटोसारखी. ती खायची नाहीत, लेकरांना सांगून ठेवा.

आता दुखण्याकडं येतो. त्या जिवाणूचं शास्त्रीय नाव राल्स्टोनिया सोलॅनेसिरम. नावातच कुळ आहे बघा. शत्रूनं पाटीवर पत्ता लिहून ठेवला होता, मला वाचता येत नव्हता. हा मुळाच्या जखमेतून आत शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि नळ्या चोंदवतो. म्हणून झाड पाण्यात उभं असून तहानेनं मरतं. गरम आणि ओली जमीन त्याला मानवते. पीक काढलं तरी तो मातीत आणि कामोणीसारख्या तणाच्या मुळांत राहतो. कित्येकदा तण वरून निरोगी दिसतं. त्या पोराला एवढंच सांगायचं होतं मला.

तो आला कुठून, याचा मी पुष्कळ विचार केला. २०२० च्या बटाटा काढणीत काही बटाट्यांच्या डोळ्यांना माती चिकटलेली होती, झटकून निघत नव्हती. कापल्यावर आत सालीला लागून तपकिरी कडं. जुनी माणसं त्याला बांगडी म्हणायची. आमच्या तात्यांनी तेव्हा एक बटाटा हातात घेऊन म्हटलं होतं, "बांगडी आहे रे ही. इथं दोन-तीन वर्षं बाजरी कर." तेव्हा बाजरीला भाव नव्हता. मी निवडून खराब बटाटे बांधावर टाकले आणि पुढच्या वर्षी वांगी लावली. वांग्यात पण अधूनमधून झाडं वाळली, मी अळीच्या नावावर खपवली. तात्या २०२२ ला गेले. बेणं ज्यांच्याकडून घेतलं त्यांना आता दोष देऊन काय करू? कापून बघायचं काम माझं होतं. खुणा दर वर्षी दिसत होत्या.

जुलैत भाव चढला तेव्हा माझ्या तुकड्यातून सगळी मिळून एकशे दहा क्रेट निघाली. लोकांना वाटलं, बरं झालं की, दोन लाख तरी आले. आले. सोसायटी फिटली, दुकानाची उधारी फिटली. पण साडेचार हजार झाडांचा माल त्या भावानं गेला असता तर काय झालं असतं हा हिशेब मी वहीत एकदाच केला आणि ते पान फाडलं.

खरं दुखणं वेगळं आहे. माझ्या खालच्या अंगाला चुलतभावाचा टोमॅटो होता. मी बांध फोडला ते पाणी त्याच्याच सऱ्यांत गेलं. मॅडमनी त्याच दिवशी सांगितलं होतं की हा पाण्याबरोबर, मातीबरोबर, खुरप्याबरोबर, पायाच्या चपलेबरोबर जातो. मी ऐकलं आणि गप्प बसलो. आठ दिवस बसलो. आधीच बांधावरून आमच्यात थोडं होतंच, त्यात आणि हे कसं सांगायचं. नवव्या दिवशी त्याच्या वरच्या दहा सऱ्यांनी माना टाकल्या. संध्याकाळी जाऊन सांगितलं सगळं. तो चिडेल, भांडेल असं वाटलं होतं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, आठ दिवस आधी सांगितलं असतंस तर मी मधे चर तरी मारला असता." बाकीचा प्लॉट त्याचा वाचला. भाव पण सापडला. बोलणं आहे आमचं, पण त्या वाक्याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

त्यानंतर काय केलं ते सांगतो. झाडं मुळासकट उपटून जाळली, शेतात किंवा उकिरड्यात टाकली नाहीत. त्या तुकड्यातलं खुरपं, टिकाव वेगळं ठेवलं, ते दुसरीकडं नेत नाही. मका, गहू, बाजरी, कांदा, ज्वारी असं फिरवत तीन वर्षं होत आली. आलं लावायचा मोह झाला होता, भाव चांगला होता, पण मॅडमनी थांबवलं. याच जिवाणूचे काही प्रकार आल्याला पण मारतात आणि भुईमुगालाही लागू शकतात. म्हणजे कुळ बदललं की सगळं सुटलं असंही नाही. सूत्रकृमीचं तर कुळाशी काही देणंघेणंच नाही, तो भेंडीत पण गाठी करतो आणि काकडीत पण. तरी निम्म्याच्या वर दुखणी कुळ धरून चालतात असा माझा अनुभव आहे. आता डायरीत मी पिकाचं नाव लिहीत नाही आधी, कुळ लिहितो. भेंडी आणि कापूस एक. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी एक. काकडी, दोडका, कलिंगड एक. कारभारीण म्हणते लग्नाचं जमवताय का, गोत्र बघताय सारखे. तसंच आहे.

या कुळाचा एक फायदा पण आहे, तो न सांगितला तर अन्याय होईल. जवळच्या नात्यात कलम जुळतं. रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा बांधून कलमी रोप तयार करतात. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रानं याचे खुंट सुचवलेले आहेत. पाणी तुंबलेलं पण ते खुंट बऱ्यापैकी सोसतात. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेनं तर एकाच झाडावर वांगी आणि टोमॅटो घेऊन दाखवलेत, त्याला ब्रिमॅटो म्हणतात. आणि बंगळूरच्या संस्थेचा अर्का रक्षक हा टोमॅटोचा वाण या मरीला प्रतिकारक म्हणून दिलेला आहे. कलमी रोप साध्या रोपापेक्षा बरंच महाग पडतं, सगळ्या शेतात मला परवडणार नाही.

म्हणून यंदा त्या तुकड्याच्या वरच्या कोपऱ्यात फक्त शंभर रोपं लावतोय. पन्नास साधी, पन्नास वांग्याच्या खुंटावरची. साधी पडली तर समजायचं तो अजून मातीत आहे. कुणी कलमी टोमॅटो केला असेल तर जमीन कोणती, रोप कितीला पडलं आणि कलमाची जागा मातीच्या किती वर ठेवली ते कळवा. मी ऐकलंय की जोड मातीत गेला तर शेंडा स्वतःची मुळं सोडतो आणि सगळं मुसळ केरात.

लावण पुढच्या सोमवारी आहे. भावाच्या बाजूनं दोन फूट खोल चर काल मारून घेतला.